झाय केवढी, जाळी केवढी

दरवर्षी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट वाटायची वेळ आली की एक तरी गट आयझिंग मॉडेल, म्हणजे चुंबकाचं साधं गणिती मॉडेल, उचलतोच. कारण उघड आहे. उपकरण लागत नाही, रसायनं लागत नाहीत, खरेदीच्या फायलीवर कुणाची सही लागत नाही. पन्नास-साठ ओळींचा प्रोग्रॅम आणि विभागातला एखादा जुना डेस्कटॉप, भागलं. मग चुंबकन (एकूण चुंबकत्व) विरुद्ध तापमान असा आलेख काढायचा, २.२७ च्या आसपास तो कोसळतो हे दाखवायचं, प्रस्तावनेत ऑन्सागरचं नाव घ्यायचं आणि बाइंडिंगला टाकून मोकळं व्हायचं. या प्रोजेक्टचा मला भयंकर कंटाळा आलाय आणि ते मी मुलांना तोंडावर सांगते. हल्ली माझी एकच अट असते: आयझिंग घ्या, पण चुंबकन नको. सहसंबंध लांबी मोजा.

ग्रीक अक्षरावरून आम्ही सगळेच तिला झाय म्हणतो. चुंबकन हे नुसतं बेरजेचं काम आहे. झाय मोजायला बसलं की मात्र सिम्युलेशन म्हणजे काय, ते पहिल्यांदा कळायला लागतं.

मॉडेल सगळ्यांना ठाऊक असतं, तरी एका परिच्छेदात उरकते. चौकोनी जाळीच्या प्रत्येक घरात एक स्पिन, म्हणजे एक चिमुकला चुंबक, तो +१ नाहीतर −१. शेजारचे दोघे सारखे असतील तर ऊर्जा थोडी कमी, उलटे असतील तर थोडी जास्त. लेन्झने १९२० मध्ये हे सुचवलं, त्याचा विद्यार्थी अर्न्स्ट आयझिंग याने ते एका मितीत सोडवून १९२५ मध्ये छापलं आणि एका मितीत कुठल्याच तापमानाला काही घडत नाही असं निघालं. दोन मितींत घडतं: एका ठरावीक, क्रांतिक तापमानाच्या खाली बहुतेक स्पिन आपोआप एका दिशेला वळतात; याला संक्रमण म्हणतात. नेहमीच्या एककांत, म्हणजे शेजाऱ्यांमधलं बळ आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक दोन्ही १ धरले, तर २.२६९ ला. आता प्रश्न असा: जाळीतला एक स्पिन वर आहे हे मला कळलं, तर तिथून आठ घरं लांब असलेल्या स्पिनबद्दल मला काय कळलं? दोघांचा गुणाकार करायचा, सरासरी काढायची. अंतर वाढेल तशी ही सरासरी घातांकी वेगाने घसरते. साधारण किती घरांत ती एक-तृतीयांशाच्या आसपास येते, ती झाय. तापमान चढं असेल तर दोन-तीन घरं. क्रांतिक तापमानाला अनंत.

दोन मितींतल्या आयझिंगपासूनच सुरुवात करायचा माझा हट्ट असतो, कारण तिथे उत्तर आधीच माहीत आहे. ऑन्सागरने १९४४ मध्ये हे मॉडेल सोडवलं आणि त्याच वाटेने झायचंही अचूक सूत्र मिळतं. तापमानाच्या व्यस्ताला के म्हणा. टॅनएच (हायपरबोलिक टॅन्जंट) के चा नैसर्गिक लॉग घ्या, त्याचं चिन्ह बदला, त्यातून दोन के वजा करा. जे उरेल तो झायचा व्यस्त, अक्षाच्या दिशेने, क्रांतिक तापमानाच्या वरच्या बाजूला. कॅल्क्युलेटरवर होणारं काम आहे आणि ते प्रत्येकाने स्वतः करावं असं मला वाटतं, कारण त्या आकड्यांकडे बघूनच पुढचं सगळं समजतं. तापमान ३ असेल तर झाय २.१४. २.५ ला ५.९६. २.४ ला १०.२. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललेलं असतं. २.३ ला ४२.२. २.२८ ला ११९. आणि २.२७ ला, म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळावर एवढासा फरक उरलेला असताना, दीड हजारांच्याही वर.

जाता जाता: तिरप्या दिशेने सूत्र वेगळं आहे. तापमान ३ ला अक्षावर २.१४ तर कर्णावर २.१३. जाळी चौकोनी असली तरी दोन-दोन घरांवरच तिचे कोपरे असे झिजायला लागतात, याचं मला अजून नवल वाटतं.

मुलांचा पहिला प्रयत्न ठरलेला. एक स्पिन धरायचा, त्याच ओळीत अंतर वाढवत जायचं, गुणाकारांच्या सरासरीचा लॉग घ्यायचा आणि आलेखाला सरळ रेषा बसवायची. उतार मिळाला की झाय मिळाली. यंदाच्या गटातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी.

"मॅडम, लॉग घेतला तरी रेषा सरळ येत नाहीये. वाकतेय."

"वाकणारच गं. सरळ यायचं काही कारणच नाहीये."

"पण घातांकी म्हणाला होतात ना तुम्ही?"

म्हणाले होते. पण नुसती घातांकी नव्हे. दोन मितींत, क्रांतिक तापमानाच्या वर, लांबच्या अंतरावर ही सरासरी घातांकी भागिले अंतराचं वर्गमूळ अशी घसरते. लागोपाठच्या दोन घरांचं गुणोत्तर घेऊन त्याचा लॉग काढला तर झायच्या व्यस्तात एक भेसळ मिसळलेली निघते, साधारण एक भागिले दुप्पट अंतर एवढी. २.४ तापमानाला झायचा व्यस्त आहे ०.०९७८. तीस घरं लांब गेलं तरी ही भेसळ ०.०१६ च्या आसपास उरते आणि झाय ९ च्या आतच निघते. खरं उत्तर १०.२. तीस घरं म्हणजे झायच्या तिप्पट अंतर; तिथे सिग्नल आधीच मरायला टेकलेला असतो. म्हणजे जिथे रेषा सरळ व्हायला लागते तिथे तिला बघायला डेटा उरत नाही. वर्गमूळ फिटमध्येच घालावं, असं पुस्तकं सुचवतात. घालता येतं, पण जवळच्या अंतरांवर तेही पुरतं लागू पडत नाही. मग कुठून कुठपर्यंत फिट करायचं याचा निर्णय डोळ्यावर जातो, आणि डोळा नेहमी हव्या त्या उत्तराकडे झुकतो.

त्यापेक्षा चांगली युक्ती जुनी आहे आणि मला ती मनापासून आवडते. एकेकटा स्पिन धरायचाच नाही. जाळीचा एक उभा स्तंभ घ्यायचा आणि त्यातले सगळे स्पिन बेरजेत घालून एकच आकडा करायचा. पुढचा स्तंभ, त्याचा एक आकडा. मग स्तंभांच्या या आकड्यांमधला सहसंबंध अंतरानुसार बघायचा. आडव्या दिशेने चाललेल्या घसरणीत ते वर्गमूळ येतं कुठून? सहसंबंध उभ्या दिशेलाही पसरत असतो म्हणून. स्तंभाची बेरीज घेतली की तो पसारा आपोआप मिटतो आणि मागे शुद्ध घातांकी उरते. क्रेमर्स आणि वानिए यांनी १९४१ मध्ये ट्रान्सफर मॅट्रिक्सने, म्हणजे एका स्तंभावरून पुढच्या स्तंभावर नेणाऱ्या मॅट्रिक्सने, या मॉडेलकडे बघायला शिकवलं. त्या नजरेने पाहिलं तर झाय म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या दोन आयगनमूल्यांच्या गुणोत्तराच्या लॉगचा व्यस्त. स्तंभांची बेरीज नेमकं हेच गुणोत्तर पकडते.

आता लागोपाठच्या स्तंभांच्या गुणोत्तराचा लॉग काढा. २.४ ला दुसऱ्या-तिसऱ्या स्तंभापासूनच आलेख आडवा होतो आणि ०.०९८ च्या जवळ जाऊन बसतो. त्या मुलीने ते पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंत?" आधी सांगितलं असतं तर त्या वाकड्या रेषेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नसतं.

आडवा झालेला हा आलेख, ज्याला आम्ही पठार म्हणतो, पुढे जाऊन हेलकावायला लागतो. ते का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सिग्नल घातांकी वेगाने घसरतो. पाच झाय लांब गेलात की तो सुरुवातीच्या एक टक्क्याच्याही खाली. पण मोजणीतला गोंगाट घसरत नाही, तो शेजारच्या स्तंभात जेवढा तेवढाच लांबच्या स्तंभात. त्यामुळे एका ठरावीक अंतरापलीकडे आपण नुसता गोंगाट मोजत असतो. गंमत अशी की तो गोंगाटासारखा दिसत नाही. लागोपाठच्या अंतरांवरचे आकडे त्याच त्या स्पिनांच्या चित्रांवरून काढलेले असल्यामुळे ते एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. पठार गुळगुळीतपणे उतरतं किंवा चढतं आणि बघणाऱ्याला वाटतं, अरे, इथे काहीतरी भौतिकी आहे! बहुतेक वेळा काही नसतं. अशा बिंदूंना स्वतंत्र मानून फिट केलं तर काय-स्क्वेअर, म्हणजे फिट किती जुळलं ते सांगणारा आकडा, इतका छान येतो की संशय यायला हवा. बिंदूंमधला आपापसातला सहसंबंध मॅट्रिक्स म्हणून फिटमध्ये घालावा लागतो, नाहीतर निदान पूर्ण विश्लेषण जॅकनाइफमधून, म्हणजे डेटाचा एकेक गठ्ठा वगळून पुन्हा पुन्हा, काढावं लागतं.

जाळीच्या कडा आपण एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे सहसंबंध दोन्ही बाजूंनी फिरून येतो. म्हणून फिटमध्ये साधी घातांकी न घालता मधोमध तळ असलेला कॉश (हायपरबोलिक कोसाइन) घालायचा. एवढं केलं की स्तंभांची पद्धत मार्गी लागते.

जाळी केवढी घ्यायची, हा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर कुणालाच आवडत नाही.

जाळी लहान असली तर प्रोग्रॅम थांबत नाही, ओरडत नाही, लाल अक्षरांत काही छापत नाही. तो निमूटपणे एक आकडा देतो. अंगणात फेऱ्या मारून गावाची शीव किती लांब ते सांगण्यासारखं आहे हे. उत्तर मिळतं, पण ते अंगणाचं असतं. एल बाजूच्या जाळीत २.२६९ ला झाय खरं तर अनंत असायला हवी, पण मिळते एलच्या प्रमाणातली काहीतरी. पुढे सांगते त्या दुसऱ्या व्याख्येने मोजलं तर झाय भागिले एल ०.९०५ येतं आणि मोठ्या जाळ्यांसाठी ते तिथेच राहतं. सालास आणि सोकल यांनी हा आकडा कितीतरी दशांशांपर्यंत काढून ठेवला आहे. एल रुंदीची, पण लांबीला अनंत अशी पट्टी घेतली तर हेच गुणोत्तर ४ भागिले पाय (π), म्हणजे १.२७ येतं, कार्डीने १९८४ मध्ये कॉन्फॉर्मल सममितीवरून ते दाखवलं. म्हणजे ३२ च्या जाळीवर ऐन क्रांतिक तापमानाला झाय २९ च्या आसपास निघणार. तीच जाळी घेऊन २.३ ला ४२ शोधायला गेलात तर ते कधीच सापडणार नाही, कितीही रात्री मशीन चालू ठेवा.

माझा नियम: जाळी निदान झायच्या सहापट. जाळीच्या मर्यादेमुळे येणारी चूक साधारण एल भागिले झाय या घातांकाने मरते. सहापटीला ती हजारात दोन-तीन एवढी उरते, बहुतेक वेळा सांख्यिकी एरर बारच्या आत. म्हणजे २.४ ला ६४ ची जाळी चालेल. २.३ ला २५६, म्हणजे पासष्ट हजार स्पिन, तेही चालेल. २.२८ ला सव्वासातशे. आणि २.२७ ला साडेनऊ हजार, म्हणजे नऊ कोटी स्पिन. एका स्पिनला एक बाइट दिला तरी मेमरीत बसतात, मेमरीचं दुखणंच नाही. दुखणं वेळेचं आहे.

आता ती दुसरी व्याख्या. स्तंभांची पद्धत चांगली, पण फिटची खिडकी, म्हणजे कुठून कुठपर्यंत फिट करायचं ते, निवडणं तिथेही टळत नाही. सिम्युलेशन करणारे बरेच लोक म्हणून सेकंड मोमेंटवाली झाय वापरतात. एकूण चुंबकनाच्या वर्गाची सरासरी घ्यायची. त्याच जाळीवर बसणाऱ्या सर्वांत लांब लाटेच्या फूरिए घटकाच्या वर्गाची सरासरी घ्यायची. पहिलीला दुसरीने भागायचं, एक वजा करायचा, वर्गमूळ काढायचं आणि त्याला दोन गुणिले साइन पाय भागिले एल याने भागायचं. दोन सरासऱ्या, एक सूत्र, फिट नाही, खिडकी नाही, डोळा नाही. आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांच्या लाटा घेऊन सरासरी काढली की तोच डेटा जास्त कामाला येतो. मी स्वतः आधी हीच काढते.

मात्र ही झाय आणि वर सूत्राने काढलेली झाय या एकच नव्हेत. क्रांतिक तापमानाच्या वर आयझिंगमध्ये दोन्ही इतक्या जवळ असतात की आपल्या एरर बारमध्ये फरक दिसतच नाही. खाली मात्र त्या फारकत घेतात, शिवाय तिथे चुंबकनाचा वर्ग वजा करायची भानगड असते ती वेगळी. म्हणून व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने "कुठली झाय मोजली?" असं विचारलं तर गडबडून जाऊ नका, तो योग्य प्रश्न आहे. दोन ग्रुपचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कित्येकदा दोघांचेही बरोबर असतात. व्याख्या निराळ्या असतात.

वेळेकडे येऊ. मेट्रोपोलिसची पद्धत, लॉस अलामॉसच्या मॅनिअ‍ॅक मशीनवरून निघालेला १९५३ चा पेपर, एकेक स्पिन उलटवायचा प्रयत्न करते. झाय मोठी झाली की जाळीत एकाच दिशेच्या स्पिनांचे मोठमोठे पट्टे होतात, आणि असा पट्टा एकेका स्पिनने कुरतडून बदलायला अमाप वेळ जातो. आधीच्या चित्राची आठवण पुसायला लागणारे स्वीप, म्हणजे सगळ्या जाळीवरून मारलेल्या फेऱ्या, साधारण झायच्या २.१७ घाताने वाढतात. झाय तिप्पट झाली की जवळजवळ अकरापट. ४२ ला तीनेक हजार स्वीप, ११९ ला तीसेक हजार. आणि एवढे स्वीप झाल्यावर तुमच्या हाती नवीन माहिती आली एका चित्राची. लाख स्वीप मारले म्हणजे लाख मापं झाली, असं मानणाऱ्याच्या एरर बारवर मी विश्वास ठेवत नाही.

क्लस्टर पद्धतींनी हे चित्रच पालटलं. स्वेंडसन आणि वांग १९८७, वोल्फ १९८९. वोल्फची तर इतकी सुटसुटीत आहे की फळ्यावर पाच मिनिटांत होते: कुठलाही एक स्पिन निवडा, त्याच्या सारख्या दिशेच्या प्रत्येक शेजाऱ्याला ठरावीक शक्यतेने टोळीत घ्या, त्याच्या शेजाऱ्यांना घ्या, टोळी वाढायची थांबली की सगळी एकदम उलटवा. ती शक्यता म्हणजे एक वजा ई चा उणे दोन के घात. २.३ ला ती ०.५८ आहे. शक्यता नेमकी एवढीच ठेवली तर टोळी उलटवायला नकार द्यायची गरजच पडत नाही. क्रांतिक मंदपणा, म्हणजे झाय वाढली की लागणारा तो अमाप वेळ, जवळजवळ नाहीसा होतो. पुनरावृत्तीच्या फंक्शनने लिहू नका, मोठ्या टोळीला स्टॅक फुटतो. साधी रांग ठेवा आणि लूप फिरवा.

पण माझ्या मते क्लस्टरचा खरा फायदा वेगाचा नाहीच, तो मोजणीचा आहे, आणि नेमका तोच मुलांच्या नजरेतून सुटतो. टोळ्या पाडल्यावर दोन स्पिनांच्या गुणाकाराऐवजी एवढंच विचारता येतं: दोघे एकाच टोळीत आहेत का? असतील तर १, नसतील तर ०. सरासरी तीच येते. फरक असा की आधी +१ आणि −१ एकमेकांना खात खात जेमतेम काहीतरी उरायचं, आणि आता सगळेच आकडे शून्य किंवा धन. लांबच्या अंतरावर दोघे एका टोळीत क्वचितच असतात, त्यामुळे सिग्नलबरोबर गोंगाटही खाली येतो. मघाशी पाच झायवर मेलेलं पठार आता कितीतरी लांबपर्यंत आडवं दिसतं. वोल्फमध्ये तर टोळीच्या आकाराची नुसती सरासरी म्हणजेच ससेप्टिबिलिटी, सेकंड मोमेंटच्या सूत्रातला पहिला आकडा. टोळीतल्या घरांवरून लाटेची बेरीज काढून तिचा वर्ग टोळीच्या आकाराने भागला की सेकंड मोमेंटच्या सूत्रातला दुसरा आकडाही तिथल्या तिथे मिळतो.

रँडम नंबरचं एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी १६ बाय १६ च्या जाळीवर, ऐन क्रांतिक तापमानाला, वोल्फने ऊर्जा मोजली. एवढ्या लहान जाळीचं अचूक उत्तर फर्डिनंड आणि फिशर यांनी १९६९ मध्येच देऊन ठेवलं होतं. तेव्हा चांगला समजला जाणारा आर-२५० हा जनरेटर वापरल्यावर उत्तर एरर बारच्या कितीतरी पट बाहेर पडलं. उलट ज्याला लोक नावं ठेवायचे त्या जुन्या गुणाकारवाल्या जनरेटरने बरोबर उत्तर दिलं. आर-२५० च्या आकड्यांमधलं लपलेलं नातं आणि वोल्फच्या टोळीची वाढ यांचं नेमकं जमून गेलं होतं. अचूक उत्तर हाताशी नसतं तर कुणाला कळलंही नसतं. जनरेटर बदलून एकदा तरी रन करा, एवढं मी सांगते. मुलं मान डोलावतात.

एरर बारबद्दल थोडक्यात. डेटाचे लांबलचक गठ्ठे करा, गठ्ठा आठवण पुसली जाण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी मोठा असू द्या, एकेक गठ्ठा वगळून पूर्ण सूत्र पुन्हा चालवा. गठ्ठ्याचा आकार दुप्पट केल्यावर एरर बार वाढत असेल तर गठ्ठा अजून लहान आहे.

हे सगळं २.५, २.४, २.३ ला करून ५.९६, १०.२, ४२.२ आलं की मग मी मुलांना सूत्र नसलेल्या गावी जायची परवानगी देते. आयझिंगचे स्पिन वर-खाली न ठेवता त्रिमितीत कुठेही वळू दिले की हायझेनबर्ग मॉडेल. दोन मितींच्या जाळीवर त्याला शून्याखेरीज कुठल्याच तापमानाला संक्रमण नाही, पण झाय घातांकी वेगाने वाढते. वोल्फने १९९० मध्ये ती मोजली: तापमानाचा व्यस्त १.५ असताना ११, १.६ ला १९, १.७ ला साडेचौतीस, १.८ ला ६५. दर ०.१ ला जवळजवळ दुप्पट. माझा सहापटीचा नियम इथे लवकरच दम टाकतो.

त्यावर काराचोलो, सोकल आणि मंडळींनी १९९५ मध्ये काढलेला मार्ग मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटतो. जाळी झायपेक्षा लहान आहे ना? असू दे. एल आणि दोन एल अशा जाळ्यांच्या जोड्या घ्यायच्या. लहान जाळीवरच्या झायला एलने भागून जे येतं, त्यावर मोठ्या आणि लहान जाळीच्या झायचं गुणोत्तर अवलंबून असतं आणि तो वक्र सगळ्या तापमानांना एकच. वेगवेगळ्या तापमानांचे बिंदू एकाच वक्रावर येऊन बसले की वक्र हाती आला. मग लहान जाळीवरून दुप्पट, तिथून चौपट, असं पायरी-पायरीने अनंत जाळीपर्यंत चढत जायचं. अनुकूल प्रसंगी झाय जाळीच्या हजारपट असली तरी काही टक्क्यांपर्यंत बरोबर उत्तर मिळतं, आणि हायझेनबर्गसाठी ते एक लाख घरांच्या झायपर्यंत पोहोचले. बिंदू एका वक्रावर बसत नसतील तर तेही दिसतं. म्हणजे पद्धत स्वतःची तपासणी स्वतः करते. त्या तपासणीशिवाय कुणी ही पद्धत वापरली तर मी तो आकडा घेत नाही.

स्पिन फक्त एका प्रतलात फिरणारे असतील तर एक्सवाय मॉडेल, कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचं १९७३ चं काम, २०१६ चं नोबेल. संक्रमण ०.८९३ च्या आसपास, आणि तिथे झाय साध्या घातसूत्राने वाढत नाही. तापमानातल्या फरकाच्या वर्गमूळाचा व्यस्त घातांकात जाऊन बसतो. लहान पल्ल्यातल्या डेटाला दोन्ही सूत्रं सारखीच गोड बसतात, म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी हे देत नाही.

आणि मग पॉट्स. स्पिनला दोनऐवजी क्यू रंग. बॅक्स्टरने १९७३ मध्ये दाखवलं की चौकोनी जाळीवर क्यू चारपेक्षा जास्त असेल तर संक्रमण पहिल्या प्रकारचं, म्हणजे संक्रमणाच्या तापमानालाही झाय अनंत नाही, सांत. किती, ते ब्युफेन्वार आणि वालाँ यांनी १९९३ मध्ये अचूक काढलं. क्यू दहा असताना १०.५६. आठला २३.९. सातला ४८. सहाला १५९. पाचला २,५१२.

पाच रंगांचा पॉट्स २०० च्या जाळीवर चालवा. सगळी लक्षणं दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे झाय अनंत होणाऱ्या, संक्रमणाची दिसतात. झाय भागिले एलचे वक्र एकमेकांना छान छेदतात, स्केलिंग देखणं बसतं, घातांकसुद्धा निघतात, एरर बारसकट. आणि त्यातलं काहीच खरं नाही, कारण त्या जाळीवर अडीच हजार घरांची झाय अनंतच भासते. सहापटीचा नियम लावायचा तर जाळी पंधरा हजारांची, साडेबावीस कोटी स्पिन.

यंदाच्या गटाला नेमका पाचच हवा होता. मी दहा दिला. १५० ची जाळी, संक्रमणाचं तापमान म्हणजे एक भागिले लॉग (एक अधिक वर्गमूळ दहा), सुरुवात पूर्ण विस्कळीत चित्रापासून. एवढ्या मोठ्या जाळीवर ते विस्कळीत अवस्थेतून सुव्यवस्थित अवस्थेत उडी मारायला इतका वेळ घेतं की तोवर मोजणी करून घेता येते. मध्येच उडी मारलीच तर ऊर्जेच्या आलेखात पायरी दिसते, तिथून पुढचा डेटा फेकायचा. स्तंभांची बेरीज, टोळीवाली मोजणी, कॉश. मात्र इथे पठार आयझिंगसारखं दुसऱ्या-तिसऱ्या स्तंभाला येत नाही, बरंच लांब जावं लागतं, आणि जवळचे बिंदू धरून फिट केलं तर झाय कमी निघते. गेल्या आठवड्यात त्यांचा आकडा ९ च्या आसपास होता. खिडकी आणखी लांब न्यायला सांगितलंय.